मागच्या बाजूची रिकामी छिद्रं

डुलूथमध्ये, टेकडीच्या चढावर आमचं दुकान.
जानेवारीत दार उघडलं की गिऱ्हाइकाच्या आधी
सरोवरावरचा वारा आत येतो
आणि किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करतो.

त्या मंगळवारी वाऱ्यामागून एल्डन कोस्केला आला,
त्याच्यामागून व्हर्ना, हातमोजे न काढता.
एल्डनच्या काखेत चौकटीची वही,
तिच्यात तळघराचा नकाशा, पेन्सिलने, इंचासकट:
इथे सोफा. इथे खांब. इथे बॉयलर,
तो हलायचा नाही.

"रिसीव्हर नको," तो म्हणाला, "सगळं सुटं हवं.
प्रोसेसर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा.
एकतीस वर्षं खनिजाच्या बोटीवर इंजिन सांभाळलंय मी.
पंप पंपाच्या जागी, जनित्र जनित्राच्या.
एक बिघडलं तर त्याच्यापुरता पाना फिरवायचा,
बोट कशाला थांबते?"

व्हर्ना शेल्फांकडे बघत होती.
"चार डबे म्हणजे चार दिवे, चार वायरी.
आणि हा घोरायला लागला की मी कुणाला विचारू
कुठलं बटण आधी?"

मी माझं पाठ असलेलं सांगितलं.
रिसीव्हर म्हणजे एका चुलीवरचा स्वयंपाक,
जागा कमी, खर्च कमी,
पण एकाला पडसं झालं की सगळे शिंकणार.
सुटं घेतलं तर ज्याची त्याची चूल,
ज्याला त्याला पोटभर वीज;
फक्त भांड्याला भांडं लागलं कुठे
तर स्पीकरमधून बारीक गुणगुण येते
आणि ती शोधण्यात एक अख्खा रविवार जातो.
शिवाय पैसे.
पैशाचं मी जरा हळू बोलते.

"काय?" एल्डन म्हणाला,
आणि उजवा कान पुढे केला.

डाव्या कानाचं वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आतल्या खोलीत सिनेमा लावला.
स्फोट झाले, काचा फुटल्या, हेलिकॉप्टर छतावरून गेलं,
एल्डन मान डोलवत राहिला.
मग दोन माणसं स्वयंपाकघरात हळू भांडू लागली
आणि त्याचा चेहरा विझला.
व्हर्ना माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"आवाज नका वाढवू. बोलणं तेवढं वाढवा."
मी मधला स्पीकर चार घरं वर नेला.
एवढंच.
त्यासाठी कुठलाही डबा चालला असता,
पण हे दुकानात सांगत नाहीत.

तोवर एल्डन कोपऱ्यातल्या
एकोणतीस किलोच्या अ‍ॅम्प्लिफायरशी पोचला होता.
झाकणावर तळवा ठेवून उभा, डोळे मिटलेले.
"असंच कोमट असायचं," तो म्हणाला.
"ऐकायची गरजच नसायची.
हात ठेवला की कळायचं, नीट चाललंय."
व्हर्नाने एक हातमोजा काढला,
बाळाचं दूध बघावं तसा हात लावला.
"आहे कोमट," म्हणाली.
मोजा परत चढवला.

शेवटी रिसीव्हरच घेतला, मधल्या किमतीचा.
मी तो उलटा करून दाखवला:
मागे ही सात रिकामी छिद्रं.
उद्या वाटलं तर इथून तारा काढायच्या,
मोठा अ‍ॅम्प्लिफायर खाली बसवायचा,
ह्याने फक्त डोकं चालवायचं, ओझं त्याने उचलायचं.
एल्डनने छिद्रं बोटाने मोजली
आणि वहीत सात लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी जोडायला गेले.
रिसीव्हरच्या खालचा कप्पा त्याने मोकळा ठेवला होता,
बरोबर त्या जड धुडाच्या मापाचा, वर तीन बोटं हवेला.
तिथे सध्या व्हर्नाची लोकरीची टोपली.
सिनेमा सुरू झाला. शब्द न शब्द सुटा, स्वच्छ,
बॉयलरच्या घरघरीवरून सुद्धा.
"काय म्हणाला तो?" एल्डनने विचारलं.
तिने सांगितलं.
"आणि ती?"
तेही सांगितलं.
मी वायरी बांधत होते, मला पाठमोरंही कळत होतं
की त्याला ऐकू येतंय.
तिलाही कळत असावं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला:
तो जडवाला अजून आहे का दुकानात?
मी किंमत सांगायच्या आत
मागून व्हर्नाचा आवाज आला, अगदी मधल्या स्पीकरसारखा:
"टोपली हलणार नाही, सांग तिला."
"काय म्हणालीस?" एल्डन म्हणाला.